रॅमची पट्टी कुठे गेली

बसा. चहा उकळतोय, तोवर ही गोष्ट माझ्याच तोंडून ऐकून घ्या. भंडाऱ्यात तिची निरनिराळी रूपं फिरत आहेत, आणि त्यातल्या एकात तर मी पोलीस ठाण्यात गेले होते असंही आहे. मी पोलीस ठाण्यात गेले नाही. पण जे केलं ते त्याहून बरं होतं, असं काही मला म्हणता येत नाही.

मी मास्तरीण. अड्याळच्या पुढे एका गावात आमची शाळा आहे, तिथली मुख्याध्यापिका. लोकांना वाटतं, मुख्याध्यापिका म्हणजे खुर्चीत बसून सह्या करणारी बाई. कुठलं हो. आजकाल मुख्याध्यापिका म्हणजे माहिती भरणारी बाई. किती पोरं आली, किती जेवली, कोणाचा आधार जुळला नाही, नळाला पाणी आहे का, असेल तर त्याचा फोटो कुठे आहे. सगळं ऑनलाइन. आणि हे सगळं ज्या लॅपटॉपवर भरायचं, तो माझा लॅपटॉप एवढा म्हातारा झाला होता की मी बटण दाबायची, कुकर लावायची, भाजी चिरायची, आणि परत येऊन पाहायची तर पडद्यावर ते गोल चक्र फिरतच असायचं.

घरात दुसराही लॅपटॉप होता, आमच्या ह्यांचा. हे म्हणजे मिलिंद. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले, गावाकडची, एकोडीची थोडी धानाची शेती आता बटईनं म्हणजे वाट्यानं कसायला दिली आहे, आणि दिवसभर घरी असतात. दोन्ही लॅपटॉप आम्ही एकाच वेळी घेतले होते, एकाच कंपनीचे, दोन्ही काळे. एकाचा चार्जर दुसऱ्याला चालतो म्हणून तेव्हा मी स्वतःचीच पाठ थोपटून घेतली होती. ह्यांचाही लॅपटॉप तेवढाच सुस्त, पण ह्यांना घाई नसते. दंडारीचा, म्हणजे आमच्याकडच्या लोकनाट्याचा व्हिडिओ लावायचा, तो अडकला की खिडकीबाहेर पाहत बसायचं, सुरू झाला की पुन्हा पाहायचं. निवृत्त माणसाला अडकलेला व्हिडिओसुद्धा चालतो.

लॅपटॉप घेतले होते मोरेश्वरभाऊंच्या दुकानातून. भंडाऱ्याच्या बसस्टँडच्या मागच्या गल्लीत त्यांचं कॉम्प्युटरचं दुकान आहे. तेही मूळचे एकोडीचेच. हे आणि ते गावाच्या बोडीत एकत्र पोहायला शिकले. बोडी म्हणजे आमच्याकडचं लहान तळं. शाळेत एका बाकावर बसले. दर रविवारी सकाळी मोरेश्वरभाऊ आमच्या दारात उभे राहून "जयभीम मिलिंदा" म्हणणार, आत येणार, आणि माझ्या हातचा चहा पिऊन जाणार. वर्षानुवर्षांचा रिवाज.

तर त्यांना मी एकदा विचारलं, "मोरेश्वरभाऊ, नवा लॅपटॉप घ्यावा का?"

"कायले घेता वहिनी? तुमच्या मशीनमंधी रॅमची एक जागा रिकामीच आहे. चार जीबीची एक पट्टी टाकून देतो, पळते का नाई पाहा. दुकानात ठेवून जा."

आता इथे मी "बरं" म्हटलं असतं तर ही गोष्टच झाली नसती. पण मी म्हटलं, "ठेवायचं कशाला? पट्टी द्या, मीच बसवते."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "मी शाळेत पोरींना सांगते की पोरींनी पण पेचकस हातात घ्यायला पाहिजे. मग मी नको घेऊ?"

"घ्या ना, काहून नाई," ते म्हणाले. "फक्त बॅटरी काढल्याबिगर हात नका घालू. पट्टी तिरपी सरकवा, मंग खाली दाबा. दोन्हीकडून कट्ट असा आवाज आला पाहिजे."

रविवारी दुपारी हे झोपले होते. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप होता. मी तो उलटा केला, बॅटरी काढली, मागच्या झाकणाचे स्क्रू काढले, पट्टी तिरपी सरकवली, दाबली. झाकण लावलं. बटण दाबलं.

काही नाही.

म्हणजे आतला पंखा फिरतोय, दिवा लागलाय, पण पडदा काळाकुट्ट. वर टीं टीं असा आवाज. तुम्हाला सांगते, वर्गात साप निघाला होता तेव्हाही मी एवढी घाबरले नव्हते. शाळेची सगळी माहिती त्यात. मी पट्टी काढली, घातली. पुन्हा टीं टीं. मोबाइलवर व्हिडिओ लावला. त्यातला माणूस म्हणाला, पट्टीचे सोनेरी दात खोडरबरानं घासा. घासले. टीं टीं. मग म्हणाला, बॅटरी काढून बटण दाबून धरा, आत साठलेली वीज निघून जाईल. दाबून धरलं. वीज निघून गेली असेल, आवाज काही गेला नाही.

मग चष्मा लावून नीट पाहिलं तेव्हा कळलं. पट्टी एका बाजूनं बसली होती, दुसऱ्या बाजूची कडी उघडीच होती. कट्ट आवाज मी एकच ऐकला होता आणि दुसरा मनानं ऐकून घेतला होता. अंगठ्यानं जोर दिला. आता खरा कट्ट.

बटण दाबलं आणि पडद्यावर कंपनीचं नाव उमटलं. तो आनंद काय सांगू. व्हिडिओतल्या माणसानं सांगितल्याप्रमाणे लगेच एक बटण दाबलं, एक निळं पान उघडलं, त्यात लिहिलेलं: मेमरी, आठ जीबी. आधीची चार, नवी चार. मी त्या पानाचा मोबाइलवर फोटो काढला. मग पुढे काही न उघडता लॅपटॉप बंद केला. उगाच जास्त छेडछाड नको, सुरू झाला ना, बस. टेबलावर ठेवला, वरून रुमाल झाकला, आणि मीही जाऊन पडले.

सोमवारी स्टाफरूममध्ये बॅगेतून लॅपटॉप काढला. मुद्दाम सगळ्यांसमोर काढला, हे कबूल करते. भुरे मॅडम होत्या, रामटेके सर होते. मी म्हटलं, "काल मी स्वतः रॅम वाढवला. आता पाहा."

पाहिलं सगळ्यांनी. गोल चक्र फिरत होतं. सर गेले, एक तास घेऊन आले, चक्र फिरतच होतं.

"नवीन आहे, बसायला वेळ लागतो," मी म्हटलं. चपलेसारखं.

सेटिंगमध्ये जाऊन पाहिलं तर तिथे चार जीबी. आठ नाही, चार. माझ्या मोबाइलमध्ये आठचा फोटो, आणि समोर चार. मी स्क्रीन बंद केली.

संध्याकाळी घरी आले तर हे खुशीत. ह्यांनी आपला लॅपटॉप लाकडी पाटावर ठेवला होता. तोच आपला जेवायला बसायचा पाट.

"सुमन, इकडं ये व. गंमत पाय." त्यांनी एका व्हिडिओवर बोट ठेवलं आणि तो झटकन सुरू झाला. "सकाळपासून असाच उडून राहिला. मी रातीच याले पाटावर ठेवला होता. खालून गरम होते म्हणून. लाकडाले थंडाई राह्यते ना."

मी तेव्हा कपड्यांच्या घड्या करत होते. घडी न थांबवता मी त्यांना समजावून सांगितलं की लॅपटॉपचा वेग मेमरीवर अवलंबून असतो, पाटावर नाही. पाटानं काही होत नसतं. विज्ञान असं चालत नाही.

"असन," हे म्हणाले. "पण माहा तर पळून राहिला."

"इंटरनेट चांगलं असेल आज."

"असन."

आता खरं सांगते, हे फिरायला गेल्यावर मी स्वयंपाकघरातून दुसरा पाट काढला आणि माझा लॅपटॉप त्यावर ठेवून पाहिला. काही फरक पडला नाही. पाट जागेवर ठेवला आणि ह्याबद्दल कोणाजवळ बोलले नाही. आज पहिल्यांदा तुमच्याजवळ बोलते आहे.

मंगळवारी सकाळी शाळेत जाताना मी लॅपटॉप मोरेश्वरभाऊंच्या दुकानात टाकला. गर्दी होती. "तुमची पट्टी चालत नाही, पाहून ठेवा," एवढंच म्हणून बस पकडली. संध्याकाळी परत आले तर लॅपटॉप उलटा, झाकण उघडं, आणि मोरेश्वरभाऊ त्याच्यासमोर हात बांधून बसलेले.

"वहिनी, पट्टी घरी ठेवली का?"

"घरी कशाला? आत आहे."

"आत नाही."

मी वाकून पाहिलं. एक जुनी पट्टी होती. दुसरी खाच रिकामी. मला आधी काही कळेना. मग मी मोबाइल काढला, निळ्या पानाचा फोटो त्यांच्यासमोर धरला. आठ जीबी. वर तारीख, वेळ, सगळं. त्यांनी फोटो पाहिला, चष्मा वर करून पुन्हा पाहिला.

"इथं तर बसलेली दिसून राहिली," ते म्हणाले. "मंग गेली कुठं?"

आणि मी म्हटलं, "मोरेश्वरभाऊ, लॅपटॉप सकाळपासून तुमच्याकडेच होता."

एवढंच. चोर हा शब्द मी उच्चारला नाही. शिकलेल्या माणसाला तो उच्चारावा लागत नाही, समोरच्याला आपोआप ऐकू जातो. दुकानात आणखी दोघं-तिघं उभे होते. त्यांनाही ऐकू गेला.

मोरेश्वरभाऊ उठले. टेबलाखाली पाहिलं. कपाटामागे हात घातला. गुडघ्यावर बसून काउंटरच्या फटीत मोबाइलचा उजेड मारला. मी उभी राहून पाहत होते, आणि माझ्या मनात काय आलं, सांगू? मनात आलं, किती छान नाटक करतात. आपल्या झाडीपट्टीत नाटकवाल्यांची कमी नाही.

"वहिनी, दुसरी पट्टी घेऊन जा," ते शेवटी उठून म्हणाले. "मी बसवून देतो. पैसे नका देऊ."

"मला फुकट काही नको," मी म्हटलं. लॅपटॉप उचलला आणि निघाले.

पुढचं सगळं मी काही ठरवून केलं नाही. दुसऱ्या दिवशी भुरे मॅडमनी विचारलं, "झालं का हो मॅडम तुमच्या रॅमचं?" मी जे झालं ते सांगितलं. एकही शब्द खोटा नाही. बसवली होती, हा फोटो. दुकानात दिला, हा दिवस. परत घेतला, पट्टी नाही. रामटेके सर म्हणाले, "दुकानदार लोकायचा काय भरोसा." मी त्यावर हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. चहा प्यायले.

शाळेचे दोन कॉम्प्युटर दुरुस्तीला मोरेश्वरभाऊंकडे जायचे होते, ते सरांनी साकोलीला नेले. भुरे मॅडमच्या नणंदेला प्रिंटर घ्यायचा होता, तोही दुसरीकडून घेतला. हे मला नंतर कळलं. गोष्ट माझ्या तोंडून निघाली तेव्हा पट्टीची होती, बसमधून भंडाऱ्याला पोचेपर्यंत ती दुकानाची झाली.

रविवारी सकाळी दारात "जयभीम मिलिंदा" आलंच नाही. ह्यांनी वाट पाहिली. चहा गार झाला. मग फोन केला, बोलले, आणि येऊन माझ्यासमोर बसले.

"मोऱ्या म्हणते, तब्येत बरी नाही. पण आवाज बराच होता." मग म्हणाले, "तू त्याले काही बोलली का?"

मी सांगितलं. फोटोसुद्धा दाखवला. हे भांडतील म्हणून मी तयारीत होते, मुद्दे तयार होते माझ्याकडे. पण हे भांडले नाहीत. बराच वेळ फोटोकडे पाहिलं आणि मोबाइल मला परत दिला.

"मी त्याच्यासंगं बोडीत बुडता बुडता वाचलो होतो," एवढंच म्हणाले. कोणी कोणाला वाचवलं ते सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

पूर्ण आठवडा घरात असा गेला. बोलणं होतं, पण कामापुरतं. आणि पाटावरचा तो लॅपटॉप घोड्यासारखा पळत होता. मला त्याचाही राग यायचा. माझं नुकसान झालंय, मी खरं बोलतेय, माझ्याकडे पुरावा आहे, आणि तरी घरात माझीच मान खाली. हे कसं?

पुढच्या रविवारी हे सकाळीच गाडी काढून निघाले. "मोऱ्याले घेऊन येतो," म्हणाले. "चहा ठेवजो. समोरासमोर बसू, जे असन ते बोलू."

मला शाळेची माहिती त्याच दिवशी भरायची होती. माझ्या लॅपटॉपवर चक्र फिरायला लागलं. ह्यांचा पाटावर होता. म्हटलं, घेऊ या. उघडला, आणि पाण्यासारखा चालला. सगळी माहिती चहा उकळायच्या आत भरून झाली. मी तिथे बसून खरंच विचार करायला लागले की लाकडात काही असतं का? आपले जुने लोक पाटावर बसायचे, त्याला काही कारण असेल का? म्हणजे पाहा, मुख्याध्यापिका, विज्ञानाची पदवी, आणि पाटावर येऊन पोचली.

मग सहज, अगदी सहज, सेटिंग उघडून पाहिलं.

आठ जीबी.

मी तो आकडा किती वेळ पाहिला असेल कोणास ठाऊक. मग हळूहळू एकेक गोष्ट जागेवर आली. त्या रविवारी सकाळी हे म्हणाले होते, "तुहा ल्यापटॉप मी बॅगेत भरून ठेवला व, सोमवारी सकाळी घाई होते तुही." मी हो म्हटलं होतं. ऐकलं होतं, पण त्या दुसऱ्या कट्ट आवाजासारखं. टेबलावर जो होता तो ह्यांचा होता. मी ह्यांच्याच लॅपटॉपात पट्टी बसवली, आठचा फोटो काढला, रुमाल झाकला, आणि दुसऱ्या दिवशी माझा घेऊन शाळेत गेले.

आता जे सांगते ते नीट ऐका, कारण इथे मी काही चांगली दिसत नाही.

माझ्या मनात पहिला विचार "मोरेश्वरभाऊंची माफी मागावी" हा आला नाही. पहिला विचार आला, ते यायला अजून वेळ आहे. पट्टी काढून घेते. मग काय करायचं ते पाहू. म्हणता येईल की चपलांच्या कपाटाखाली सापडली. म्हणता येईल की बॅगेच्या तळाशी होती. माफी मागावी लागेल, पण थोडी कमी. चपलांच्या कपाटाखाली पट्टी सापडलेल्या बाईची माफी ही मूर्ख बाईच्या माफीपेक्षा बरी दिसते. असं सगळं त्या क्षणात माझ्या डोक्यात चाललं होतं. मी हेच करणार होते का? मला अजूनही ठामपणे सांगता येत नाही. पण पेचकस हातात आला होता, हे खरं.

लॅपटॉप उलटा केला, बॅटरी काढली, झाकण उघडलं. दोन्ही कड्या बाजूला सारल्या. आता हात सराईत झाला होता. पट्टी अलगद वर आली आणि माझ्या चिमटीत आली.

"काय व, काय करून राहिली?"

दारात हे उभे होते. त्यांच्या मागे मोरेश्वरभाऊ.

माझ्या डाव्या हातात पेचकस, उजव्या हातात पट्टी, समोर नवऱ्याचा उघडा लॅपटॉप. तुम्ही असतात तर काय म्हणाला असतात? ह्यांनी लॅपटॉपकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि अगदी साधेपणानं विचारलं, "माह्या मशीनमंधून काय काढून राहिली?"

मोरेश्वरभाऊ पुढे आले. माझ्या चिमटीतून पट्टी घेतली, उजेडात धरली. त्यांच्या दुकानाचं बारीक स्टिकर होतं तिच्यावर. त्यांनी ती ह्यांना दाखवली.

"हेच," ते म्हणाले आणि खुर्चीत बसले.

मग मी बोलले. सगळं बोलले, बॅग, टेबल, रुमाल, कपाटाखालचं कारणसुद्धा. थांबलेच नाही. थांबले असते तर त्यांच्याकडे पाहावं लागलं असतं.

हे ऐकत होते. माझं संपल्यावर ह्यांनी विचारलं, "म्हणजे पाटानं नाही झालं?"

"नाही," मी म्हटलं.

ह्यांचा चेहरा खरोखर उतरला. त्यांनी पाटावरून एकदा हात फिरवला. शेजारच्या कुलकर्णी काकांनाही पाट घ्यायला सांगितलं होतं, असं नंतर कळलं.

मोरेश्वरभाऊ हसतील असं मला वाटलं होतं. ते हसले नाहीत. म्हणाले, "वहिनी, मले वाटलं मीच चुकलो. वय झालं, त्या दिवशी गर्दी होती. म्हटलं, तुमची पट्टी काढली अन् दुसऱ्याच कोणाच्या मशीनमंधी टाकून देल्ली का काय. त्या दिवशीच्या सगळ्या गिऱ्हाइकायले मी फोन केले. एकेकाचं मशीन वापस बोलावून खोलून पाह्यलं. लोकं विचारत, काय झालं. काय सांगू?"

आता पाहा. दुसऱ्याच्या मशीनमध्ये पट्टी गेली असेल, हे त्यांना सुचलं होतं. फक्त त्यांनी ती चूक स्वतःच्या नावावर टाकून पाहिली, मी त्यांच्या नावावर टाकून मोकळी झाले. माझ्याकडे पुरावा होता ना. फोटो खरा होता, तारीख खरी होती, शब्द खरे होते. एवढं खरं हाताशी असताना माणूस स्वतःच्या घरात कशाला शोधेल?

"चुकलं माझं, भाऊ," मी म्हटलं.

"चुकलंच," ते म्हणाले. मग म्हणाले, "जसं शाळेत सांगतलं, तसं हेबी सांगून टाका."

चहा आटून कडू झाला होता. मी दुसरा ठेवला. दोघं मित्र धानाच्या रोवणीबद्दल बोलत बसले आणि मी स्वयंपाकघरात उभी राहिले, दूध उतू जातंय का पाहत. ते उतू जाणार नव्हतं, पण मी पाहत राहिले.

सोमवारी स्टाफरूममध्ये सगळं सांगितलं. वाटलं होतं, लोक हसतील आणि विषय संपेल. भुरे मॅडम माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, "मॅडम, तुमचं मन मोठं आहे हो." मी म्हटलं, मन कसलं, पट्टी माझ्याच घरी होती. रामटेके सर म्हणाले, "घरचे संबंध आहेत, समजते आम्हाले. जाऊ द्या." कितीही सांगितलं तरी त्यांना मी मोरेश्वरभाऊंना वाचवते आहे असंच वाटत राहिलं. वाईट सांगितलं तेव्हा कोणी पुरावा मागितला नव्हता, खरं तर मीच हौसेनं दाखवत होते. आता खरं सांगते आहे तर कोणाला पटत नाही. शेवटी मी शाळेचे ते दोन्ही कॉम्प्युटर रामटेके सरांकडून साकोलीहून परत आणवले आणि स्वतः मोरेश्वरभाऊंच्या दुकानात नेऊन ठेवले. भुरे मॅडमच्या नणंदेच्या प्रिंटरचं काही करता आलं नाही. तो चांगला निघाला.

माझ्या लॅपटॉपात ती पट्टी मोरेश्वरभाऊंनीच बसवून दिली. तो आता पळतो. ह्यांचा पुन्हा सुस्त झाला. हे काही बोलले नाहीत, खिडकीबाहेर पाहायला लागले. पण पंधरा दिवस घोड्यावर बसलेल्या माणसाला पुन्हा बैलगाडीत बसवणं बरं नाही. म्हणून मी त्यांच्यासाठीही एक पट्टी घ्यायला दुकानात गेले.

मोरेश्वरभाऊंनी चहा मागवला. मी स्टुलावर बसून पीत होते तेव्हा एक गृहस्थ आले. त्यांनाही रॅमची पट्टी हवी होती, घरी स्वतःच बसवणार होते. मोरेश्वरभाऊंनी पट्टी काढली, पण हातात दिली नाही.

"घरी ल्यापटॉप किती आहेत?" त्यांनी विचारलं.

"दोन," ते गृहस्थ म्हणाले. "काहून जी?"

"मंग ज्याच्यात टाकाची आहे, तोच घेऊन या. इथंच बसवून देतो."

"अहो, मले येते बसवता."

"बसवता सगळ्यायलेच येते," मोरेश्वरभाऊ म्हणाले. "आपला कोणता, हे पाहून घ्यावं लागते."

ते गृहस्थ थोडे दुखावले. "म्हणजे काय, दुसऱ्याच्याच ल्यापटॉपात टाकीन का मी? असं कोण करते जी?"

मोरेश्वरभाऊ बशीत चहा ओतू लागले. माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही, आणि मला तेच जड झालं.

"मुख्याध्यापिका करतात," मी म्हटलं.

ते गृहस्थ मनापासून हसले. बाहेर पडताना मोरेश्वरभाऊंना म्हणालेसुद्धा, बाई मोठ्या मजेशीर आहेत म्हणून.